ओपनबीएसडीसाठी कोणतं यंत्र घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओपनबीएसडी वापरतो हे कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "कशाला?" त्यात इथे शिरत नाही. दुसरा, "माझ्या लॅपटॉपवर चालेल का?" हा मात्र इतक्या वेळा आणि इतक्या रूपांत आला आहे की उत्तरं एकदाची लिहून काढलेली बरी.

आधी हे सांगा, ओपनबीएसडी आहे तरी काय?

युनिक्सच्या घराण्यातली एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये त्याच घराण्यातल्या नेटबीएसडीपासून ती वेगळी काढली. प्रकल्पाचं बिऱ्हाड कॅनडातल्या कॅलगरीला. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात. दूरच्या सर्व्हरवर तुम्ही कधी एसएसएचने शिरला असाल, तर बहुधा याच मंडळींनी लिहिलेलं ओपनएसएसएच वापरलं असेल. म्हणजे तोंडओळख आहेच.

चालणाऱ्या लॅपटॉपची अधिकृत यादी कुठे मिळेल?

नाही मिळणार. "अमुक कंपनीचा तमुक लॅपटॉप चालतो" अशी यादी प्रकल्प ठेवत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. कारण लॅपटॉपचं नाव हे खोक्याचं नाव असतं. आतला ऐवज त्याच नावाखाली बदलत राहतो.

यादी आहे ती चिपांची, आणि ती मॅन पानांत, म्हणजे सिस्टीमबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत, आहे. प्रत्येक ड्रायव्हरचं (चिप चालवणाऱ्या प्रोग्रामचं) एक पान असतं आणि त्यात तो ड्रायव्हर कोणकोणत्या चिपा चालवतो ते लिहिलेलं असतं. बाकी ठिकाणी मॅन पानं धूळ खात पडलेली असतात. इथे मात्र पान चुकीचं असेल तर ती चूक सॉफ्टवेअरमधल्या चुकीइतकीच गंभीर धरतात. तेव्हा चिपचं नाव हाती आलं की प्रकल्पाच्या संकेतस्थळावरच्या मॅन पानांत शोधा. सापडलं तर पुढची बोलणी. नाही सापडलं तर तो भाग चालणार नाही असं धरूनच भाव करा.

लिनक्स चालतं ना या लॅपटॉपवर. मग हेही चालेलच?

हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. लिनक्सचे ड्रायव्हर ओपनबीएसडीवर जसेच्या तसे चालत नाहीत. ग्राफिक्सचा मोठा भाग लिनक्समधून आणून इथे बसवलेला आहे, त्यामुळे त्या बाबतीत दोघांचं नशीब बरंचसं जोडलेलं आहे. वायफाय, आवाज, टचपॅड यांचे ड्रायव्हर मात्र इथले वेगळे लिहिलेले. लिहिणारी माणसं मोजकी, तीही बहुतेक स्वतःकडे असलेल्या यंत्रासाठीच लिहिणार.

आणखी एक. एखादी कंपनी "लिनक्ससाठी ड्रायव्हर देतो" म्हणत बंद फाइल देते, तिचा इथे काडीचा उपयोग नाही. लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याची सोय पूर्वी होती, ती ६.० या आवृत्तीत, २०१६ मध्ये, काढून टाकली.

विकत घेण्याआधी आतली चिप कोणती हे कसं ओळखायचं?

विक्रेत्याला "वायफाय कार्ड कोणतं आहे?" असं विचारू नका. "चांगलं आहे साहेब, फुल रेंज" असं उत्तर येतं. त्याऐवजी एक फोटो मागा.

दुकानातल्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज असतं. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, नेटवर्क अडॅप्टरवर दोनदा टिचकी मारायची, डिटेल्सच्या पानावर जाऊन यादीतून हार्डवेअर आयडी निवडायचे. तिथे 'व्हीईएन' पुढे चार अक्षरं आणि 'डीईव्ही' पुढे चार अक्षरं दिसतात. पहिली चौकडी बनवणाऱ्याची, दुसरी त्या चिपची. ८०८६ म्हणजे इंटेल (त्यांच्या जुन्या प्रोसेसरचा आकडा, गंमत म्हणून घेतलेला दिसतो), १०ईसी म्हणजे रियलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया.

उदाहरणार्थ, ८०८६ आणि २४एफडी दिसलं तर ते इंटेल ८२६५. ८०८६ आणि २७२३ म्हणजे एएक्स२००. २७२५ म्हणजे एएक्स२१०. तिन्हीही चालतात. हाच खेळ ग्राफिक्स आणि आवाजासाठीही करायचा. तीन फोटो, पाच मिनिटांचं काम. जुन्या लॅपटॉपची ऑनलाइन विक्री करणारे कधीकधी फोटो द्यायला कुरकुरतात. त्यांना सोडून पुढे जायचं, बाजारात लॅपटॉपांचा दुष्काळ नाही.

वायफायचा एवढा बाऊ का?

कारण बाकी सगळं चालून अडतं ते इथेच. माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन सेलमध्ये एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाला देखणा लॅपटॉप घेतला. स्क्रीन चालली, आवाज आला, कीबोर्ड झकास. वायफायची चिप मात्र ड्रायव्हर नसलेली, आणि तीही बोर्डावरच डाखलेली, म्हणजे बदलायची सोय नाही. वर्षभर त्याच्या कुशीतून यूएसबीचं बोंडूक बाहेर डोकावत होतं. बॅगेत घालताना दोनदा मोडलं.

इंटेलचं कार्ड असेल तर साधारण निश्चिंत राहा. फार जुन्यांना आयडब्ल्यूएन, ७२६० ते ९५६० या मधल्या पिढीला आयडब्ल्यूएम, आणि एएक्स२००, २०१, २१०, २११ यांना आयडब्ल्यूएक्स हे ड्रायव्हर. खोक्यावर छापलेला वेग मिळेलच असं नाही, पण रोजच्या कामाला कमी पडत नाही. अथेरॉसची जुनी, ८०२.११एन जमान्यातली बरीच कार्डं एटीएचएनवर चालतात. मीडियाटेक आणि नवी रियलटेक कार्डं दिसली की सावध व्हा. स्वस्त एएमडी लॅपटॉपांत नेमकी तीच असतात.

कार्ड बदलता येत असेल तर प्रश्न सुटतो, पण दोन खाचखळगे आहेत. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं अर्धवट असतात. त्यांचा उरलेला भाग इंटेलच्या प्रोसेसरच्या बाजूला असतो, म्हणून ती एएमडीच्या यंत्रात बसतात पण चालत नाहीत. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१०च घ्या. दुसरं, एक्स२३० आणि टी४३०च्या काळातल्या लेनोव्हो थिंकपॅडांचा बायॉस (यंत्र सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ओळखीचं कार्ड नसेल तर यंत्र सुरूच होऊ देत नाही. तिथे कार्ड बदलण्याआधी चौकशी करा.

मग यूएसबीचं वायफाय डोंगल घेऊ का?

तात्पुरतं चालेल. पण तिथेही खोक्यावर भरवसा नको. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या एकाच नावाखाली पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. सुदैवाने दोन्हींना ड्रायव्हर आहेत, पहिलीला एटीएचएन आणि दुसरीला यूआरटीडब्ल्यूएन. पण दर वेळी असं दैव साथ देत नाही. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'व्ही' पुढे आकडा असतो, तो वाचा.

वायफायला फर्मवेअर लागतं आणि फर्मवेअर आणायला वायफाय लागतं. हे काय गौडबंगाल आहे?

आधी कोंबडी की आधी अंडं, तोच प्रकार. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा, कंपनीने दिलेला प्रोग्राम. प्रकल्पाचा नियम असा की वाटण्याचा परवाना मोकळा नसलेल्या फाइली मुख्य वितरणात घालायच्या नाहीत. म्हणून त्या वेगळ्या सर्व्हरवरून आणाव्या लागतात. काम करते ती मध्ये अंडरस्कोर असलेली एफडब्ल्यू-अपडेट ही आज्ञा.

सरळ वाट म्हणजे पहिल्या दिवशी राउटरला नेटवर्कची वायर जोडायची. लॅपटॉपला तसं भोक नसेल तर आरटीएल८१५३ चिपचं यूएसबी अडॅप्टर घ्या, यूआरई ड्रायव्हर ते ओळखतो. तेही नसेल तर अँड्रॉइड फोनचं यूएसबी टिथरिंग बहुतेक वेळा भागवून नेतं. यातलं काहीच हाताशी नसेल तर दुसऱ्या संगणकावर फर्मवेअरच्या फाइली उतरवून पेनड्राइव्हवरून त्याच आज्ञेला वाटेचा पत्ता द्यायचा.

ग्राफिक्स कार्ड कोणतं?

इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स असेल तर उत्तम. एएमडीही चांगलं, फक्त फर्मवेअर उतरवेपर्यंत स्क्रीन ओबडधोबड दिसेल. बाजारात नुकत्याच आलेल्या पिढीच्या वाटेला जाऊ नका. दोन-तीन वर्षं जुनी घ्या, तोवर लिनक्समधला कोड इथे उतरलेला असतो.

एनव्हिडिया नको. कंपनीचा ड्रायव्हर इथे नाही, लिनक्समधला मुक्त ड्रायव्हरही इथे आलेला नाही. यूईएफआयने, म्हणजे नव्या पिढीच्या बायॉसने, लावून दिलेली साधी चौकट मिळते, चित्र दिसतं, पण प्रवेग शून्य, म्हणजे चित्र काढायचा सगळा भार मुख्य प्रोसेसरवर.

"माझ्यात इंटेलही आहे आणि एनव्हिडियाही" असं म्हणणाऱ्यांसाठी: स्क्रीन इंटेलवर चालेल, दुसरं कार्ड नुसतं बसून वीज खाईल. पण काही लॅपटॉपांत एचडीएमआयची वाट एनव्हिडियातून जाते. तिथे बाहेरचा मॉनिटर काळाच राहतो. प्रोजेक्टरला जोडून शिकवणाऱ्यांनी हे आधीच तपासावं, वर्गात उभं राहून नव्हे.

एकच सांगा, डोळे मिटून घेता येईल असा कोणता?

सेकंडहँड थिंकपॅड, टी किंवा एक्स मालिकेतला, नुसतं इंटेल ग्राफिक्स असलेला. ओपनबीएसडी लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मांडीवर थिंकपॅडच असतात, आणि स्वतःचा लॅपटॉप नीट चालावा असं कोणाला वाटत नाही?

मी सध्या टी४८० सुचवतो. आठव्या पिढीचा प्रोसेसर, रॅमच्या दोन खाचा, कार्ड बदलता येतं, एक बॅटरी आत आणि एक बाहेर. घेताना एवढंच पाहा की त्यात एनव्हिडियाचं एमएक्स१५० घातलेलं नाही, तोही प्रकार निघाला होता. कंपन्या भाडेकरार संपला की असे लॅपटॉप पोत्याने काढतात आणि ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचाराल तर कोणी सांगणार नाही) येऊन पडतात. डोळे मिटून म्हटलं तरी बिजागरी, कीबोर्ड आणि बॅटरी डोळे उघडे ठेवूनच बघा.

दुकानात उभ्या उभ्या चाचणी कशी करू?

ओपनबीएसडीची तयार 'लाइव्ह' (डिस्कवर न टाकता चालणारी) प्रत अधिकृतपणे मिळत नाही. उपाय सोपा आहे. घरी बसून एका बऱ्या पेनड्राइव्हवरच पूर्ण सिस्टीम टाकायची, हार्ड डिस्कवर टाकतो तशीच. फर्मवेअरही आधीच उतरवून ठेवायचं. मग तो पेनड्राइव्ह खिशात घालून दुकानात जायचं, लॅपटॉपला लावायचा, सिक्युअर बूट बंद करून त्यावरून सुरू करायचं. पेनड्राइव्ह धिमा असतो, चहा येईपर्यंत वेळ जातो. दुकानदाराला आधी सांगून ठेवा की त्याच्या विंडोजला हात लागणार नाही. काळी स्क्रीन आणि भराभर पळणारी निळी-पांढरी अक्षरं पाहून एक जण माझ्या हातातून लॅपटॉप काढूनच घेत होता.

डीमेसेजमध्ये काय वाचायचं?

सुरू होताना सिस्टीम जे जे भाग सापडतात त्यांची नोंद करते. ती पाहायची आज्ञा म्हणजे डीमेसेज. त्यात 'नॉट कॉन्फिगर्ड' असं जिथे लिहिलंय, तिथे ड्रायव्हर नाही. सगळ्याच अशा ओळींनी घाबरू नका. बोर्डावरचे कित्येक फुटकळ भाग ड्रायव्हरविना पडून असतात आणि कोणाचं काही अडत नाही. नेटवर्क, ग्राफिक्स, आवाज, डिस्क एवढ्यांच्या ओळी बघा.

एक चूक हमखास होते. प्रस्थापना करतानाच्या, म्हणजे सिस्टीम डिस्कवर टाकतानाच्या, छोट्या कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा) डीमेसेज पाहून लोक निराश होतात. त्या कर्नलमध्ये जागा वाचवायला आवाज, ग्राफिक्स वगैरे ड्रायव्हर मुळात घातलेलेच नसतात. निकाल पूर्ण सिस्टीमवरच लावायचा.

दुसऱ्या कोणाच्या यंत्राचा डीमेसेज पाहायचा असेल तर न्यूयॉर्कच्या एनवायसीबग या बीएसडी वापरणाऱ्यांच्या मंडळाने मोठा संग्रह जमवून ठेवला आहे. लॅपटॉपचं नाव टाकून शोधा.

चार कोअर, आठ थ्रेडचा प्रोसेसर घेतला. चारच दिसतात. फसलो का?

नाही. २०१८ पासून हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं) मुद्दाम बंद ठेवलेलं आहे, कारण एका कोअरवरचे दोन थ्रेड एकमेकांची माहिती चोरू शकतात अशी भीती. एचडब्ल्यू.एसएमटी ही किल्ली (सिस्टीमची एक सेटिंग) १ केली की चालू होतं. मी करत नाही.

ब्लूटूथ?

नाही. होतं, पण धड चालत नव्हतं आणि सांभाळणारा कोणी नव्हता, म्हणून २०१४ मध्ये काढून टाकलं. हेडफोनसाठी एक पळवाट आहे. काही यूएसबी डोंगलं स्वतःच ब्लूटूथ सांभाळतात आणि संगणकाला साधं यूएसबी साउंड कार्ड म्हणून दिसतात. ती चालतात. माउस घेताना ब्लूटूथचा नको, स्वतःचं यूएसबी टोपण असलेला वायरलेस घ्या.

आवाज येतो, पण माइक आणि कॅमेरा मेलेले आहेत.

मेलेले नसतात, बहुधा झोपवलेले असतात. ध्वनिमुद्रण आणि चित्रमुद्रण दोन्ही मुळातच बंद असतात, कोणी चोरून ऐकू-पाहू नये म्हणून. केईआरएन.ऑडिओ.रेकॉर्ड आणि केईआरएन.व्हिडिओ.रेकॉर्ड या दोन किल्ल्या सिसकंट्रोल या आज्ञेने १ करा. कॅमेऱ्यासाठी त्या उपकरणाच्या फाइलची मालकीही आपल्या नावे करावी लागते. एवढं करूनही माइक गप्पच असेल, आणि लॅपटॉप गेल्या काही वर्षांतला इंटेलचा असेल, तर तो माइक वेगळ्या ध्वनिप्रोसेसरला जोडलेला असण्याचा संभव आहे. तिथे डोकं आपटण्यापेक्षा यूएसबी हेडसेट घ्या.

झाकण बंद केलं की झोपतो का? उठतो का?

जुन्या थिंकपॅडांवर दोन्ही व्यवस्थित. अडचण नव्या यंत्रांची. उत्पादकांनी एस३ नावाची जुनी, शहाणी झोप काढून तिच्या जागी विंडोजसाठीची अर्धवट झोप आणली. बायॉसमध्ये 'स्लीप स्टेट' असा पर्याय असेल आणि त्यात 'लिनक्स' असं लिहिलेलं असेल तर ते निवडा. नाव लिनक्सचं असलं तरी फायदा आपलाही. बॅटरीसाठी एपीएमडी (वीजवापर सांभाळणारा प्रोग्राम) सुरू ठेवायला विसरू नका.

प्रस्थापना करताना डिस्कच दिसत नाही.

बायॉसमध्ये डिस्क 'रेड' किंवा 'आरएसटी' पद्धतीवर असेल, ती एएचसीआयवर आणा. त्याच डिस्कवरचं विंडोज ठेवायचं असेल तर आधी त्याची तजवीज करा, नाहीतर ते सुरू होणार नाही.

घरचा प्रिंटर?

इथे वाईट बातमी जास्त. आपल्याकडे घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी२९००च बघा. त्याचा ड्रायव्हर कंपनी बंद फाइलींत देते, तोही विंडोज, मॅक, लिनक्ससाठी. इथे त्याचा उपयोग नाही. एचपीचा लेझरजेट १०२० मुक्त ड्रायव्हरवर चालवता येतो, पण तो बंद करून चालू केला की दर वेळी त्याला फर्मवेअर भरवावं लागतं.

नवा घेत असाल तर नेटवर्कवर बसणारा आणि पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या भाषा समजणारा घ्या. एअरप्रिंट लिहिलेलं असलं तरी कप्स या छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रामबरोबर बहुधा जमतं. थोडे पैसे जास्त जातील, पण मग तो कोणत्याही सिस्टीमला हो म्हणेल.

लॅपटॉप नको, फक्त घरचा राउटर करायचाय.

मग तुम्ही सुखी आहात. ओपनबीएसडीचं हेच माहेर. पीएफ हे फायरवॉल इथलंच. वायफाय, आवाज, झोप यांपैकी कशाचीच भानगड नाही. पूर्वी सगळे स्विस कंपनीचं एपीयू२ बोर्ड घ्यायचे, पण त्याचं उत्पादन थांबलं. आता इंटेल एन१०० प्रोसेसरची, दोन किंवा चार नेटवर्क भोकांची पंखाविना छोटी यंत्रं मिळतात. भोकांमागे इंटेल आय२२६ चिप असेल तर आयजीसी ड्रायव्हर ती चालवतो. बीएसएनएलच्या फायबरसारखं पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जुळणारं) जोडण असेल तर त्याची सोय कर्नलमध्येच आहे, फक्त कंपनीचा डबा ब्रिज पद्धतीवर (नुसता पूल म्हणून) आणून घ्यावा लागेल. वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट लावा. लॅपटॉपच्या कार्डाला घरभर वायफाय पुरवायला लावणं म्हणजे शेळीला औताला जुंपणं.

ॲपलचे एम१, एम२? रास्पबेरी पाय?

एम१ला एप्रिल २०२२ च्या ७.१ आवृत्तीपासून आधार आहे. या मॅकवर लिनक्स आणणाऱ्या 'असाही लिनक्स' प्रकल्पाच्या मंडळींनी घातलेल्या पायावर उभं राहून ते सुरू होतं. ग्राफिक्सला प्रवेग नाही. मॅक आधीच घरात असेल तर करून बघा, यासाठी विकत घेऊ नका. रास्पबेरी पाय ४ चालतो, पण सिरियल कन्सोलची (दुसऱ्या संगणकावरून त्याची अक्षरं पाहायची) वायर बरोबर मागवा, पडद्यावर विसंबू नका.

मराठी टायपिंग?

एक्स विंडो (खिडक्यांचा चित्रमय पडदा) सुरू झाली की सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने भारतीय मांडणी निवडता येते, इन्स्क्रिप्ट येत असेल तर लगेच हात बसतो. नोटोचे फाँट पॅकेजमधून टाका, ब्राउझरमध्ये जोडाक्षरं नीट दिसतात. काळ्या कन्सोलवर मात्र देवनागरीची आशा सोडा. हा मजकूर मी त्याच टी४८०वर लिहिला आहे.

आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघू का?

सिस्टीम शिकायला जरूर. यंत्राबद्दल त्यातून काहीही कळत नाही, तिथलं सगळं हार्डवेअर खोटं असतं.

सगळं केलं, तरी एक भाग चालत नाही. कोणाला विचारू?

आधी अप्रोपोस या आज्ञेने मॅन पानांत शोधा, मग सध्याच्या विकसन आवृत्तीचा, म्हणजे 'करंट'चा, पेनड्राइव्ह करून बघा. पुष्कळदा ड्रायव्हर आलेला असतो, फक्त तुमच्या आवृत्तीत नसतो. तरीही अडलं तर सेंडबग ही आज्ञा वापरून कळवा, डीमेसेज पूर्ण जोडा, त्यातल्या "महत्त्वाच्या वाटलेल्या" चार ओळी नव्हे. आणि सगळं नीट चाललं तरी डीमेसेज प्रकल्पाच्या डीमेसेजच्या पत्त्यावर पाठवून द्या. कोणती चिप लोकांच्या हाती पोचली आहे हे लिहिणाऱ्यांना त्याच ढिगाऱ्यातून कळतं. उत्तर येणार नाही, वाट पाहू नका.